फुटकं धिरडं

काकू पहिलं धिरडं कुणाला खाऊ देत नसत. ते तव्याचं. बिडाचा काळा तवा चुलीवर तापला की वांग्याचं देठ करडईच्या तेलात बुडवून त्या तव्यावर फिरवायच्या, पळीभर पीठ ओतायच्या, आणि ते पहिलं धिरडं हमखास चिकटायचं, फाटायचं. उलथन्यानं खरवडून ते मागच्या दारातून कोंबड्यांना टाकत आणि म्हणत, "पहिलं पोरगं आन् पहिलं धिरडं, दोन्ही वाया जायाचीच."

त्यांचं पहिलं मूल अकरा महिन्यांचं होऊन गेलं होतं. हे वाक्य त्या चारचौघींत, हसत म्हणत. ऐकणारीला कुठं बघावं कळत नसे, आणि तिची ती तारांबळ काकू मन लावून बघत.

उंच, हाडकुळ्या बाई. वरचा पुढचा एक दात पडलेला. काही लागट बोलायचं असलं की आधी जिभेचं टोक त्या फटीत यायचं. घरातल्या प्रत्येकाला ते टोक ओळखू यायचं. ते दिसलं की मांजरसुद्धा उठून जायचं, असं दत्तू म्हणायचा. दत्तू त्यांचा मुलगा. त्याला त्या बैल म्हणत, तोंडावर. माझ्या वडिलांना, अण्णांना, कागूद म्हणत, पाठीमागं. अण्णा तहसील कचेरीत होते. सगळं शिक्षण निजामाच्या अमदानीत उर्दूतून झालेलं, त्यामुळं संस्थान गेल्यावर मराठी कागद वाचताना त्यांचे ओठ हलत. "कागूद वाचाया लागला की बकरी पाला खातीया जनू," काकू म्हणत.

उमरग्यात हमरस्त्याला लागून आमचं पत्र्याचं घर होतं. सोलापूरहून हैदराबादकडं जाणारा ट्रक गेला की मांडणीवरची भांडी वाजायची. माझी आई मी लहान असतानाच गेली, थोरले काका त्याच्याही आधी. उरलेलं घर काकूंच्या हातात आलं. मला अण्णांनी हैदराबादला इंग्रजी शाळेत, वसतिगृहात ठेवलं. सतराव्या वर्षी परत आले तोवर हैदराबाद दुसऱ्या राज्यात गेलं होतं.

मी आले त्या दिवशी काकूंनी गल्लीतल्या पाच-सहा बायका बसवून ठेवल्या होत्या. मी पायही धुतले नव्हते.

"बोल की विंग्रजी," काकू म्हणाल्या. "बायका कवाच्या बसल्यात ऐकाया."

मी मान खाली घालून उभी राहिले.

"बोल गं. तुज्या बापानं कशापाई धाडली हुती?"

शेवटी मी शाळेतली सकाळची प्रार्थना पुटपुटले. काकूंच्या दाताच्या फटीत जिभेचं टोक आलं. "अंड्यावर बसल्याली कोंबडी बी ह्येच म्हंती," त्या म्हणाल्या. बायकांनी पदर तोंडाला लावले. त्या दिवसापासून मी मडम झाले, आणि शक्यतो बोलेनाशी झाले.

घरात गहू पुरुषांचा. अण्णा आणि दत्तू बसले की पोळ्या, नंतर बायकांना ज्वारीची भाकरी. काकूंना त्यांच्या सासूनं असंच वाढलं होतं, त्याला आणखी कारण लागत नव्हतं. माझ्याबाबत मात्र अण्णांनी सांगितलं, "वैनी, तिला वसतिगृहाची सवय आहे, भाकरी मानवायची नाही. दोन पोळ्या तिच्यासाठी ठेवत चला." काकू रोज दोन पोळ्या ताटलीखाली झाकून ठेवत आणि ताट पुढं सरकवताना म्हणत, "घ्या मडम, निवद."

माझ्या शेजारी शकू बसायची. माझ्या मेलेल्या आत्याची मुलगी, पाच वर्षांची. तिच्या वडिलांनी जळकोटला दुसरं लग्न केलं आणि तिला आमच्याकडं आणून सोडलं, तेव्हा ती तीनची होती. दत्तू सांगायचा, पहिले दोन दिवस ती आईसाठी रडत राहिली. तिसऱ्या दिवशी काकूंनी तिला उचलून परसात नेलं, आदल्या दिवशी मेलेली कोंबडी दाखवली आणि म्हणाल्या, "उटव तिला. उटती का? तुजी माय बी तशीच. आता भाकर खा." शकू रडायची थांबली ती थांबलीच. मी तिला पाहिलं तेव्हा ती किडमिडी, चिवट, टुकूटुकू बघणारी पोर होती. दुधात कुस्करलेली भाकरी खायची आणि माझ्या ताटातल्या पोळीकडं बघायची.

मला ते बघवेना. चौथ्या-पाचव्या दिवशी मी एक पोळी ताटाखाली सरकवली आणि गुडघ्याआडून तिच्या हातात दिली. तिनं ती परकराच्या ओच्यात लपवली आणि गोठ्यात जाऊन खाल्ली. मग ते रोजचंच झालं. कधी मी रस्त्यावरच्या हॉटेलातून पावही आणून तिला द्यायचे. काकू चुलीकडं तोंड करून असत. त्यांच्या नाकाखाली आपण काही करतोय याचं मला मनातून बरं वाटायचं, हेही खरं.

तीन-चार महिन्यांत शकू वाळायला लागली. हातपाय काटक्यांसारखे, पोट मात्र टम्म. दिवसातून सहा-सात वेळा परसात पळायची. तोंड आलेलं, केस पिंगट. काकूंनी लगेच नाव ठेवलं, फुगी. "फुगे, चल, धुवून घे," असं म्हणत तिच्या ढुंगणावर थंडगार पाण्याचा तांब्या ओतत. ओवा झाला, डाळिंबाची साल झाली, दर्ग्याचा ताईत झाला. गल्लीत बायका बोलायला लागल्या की काकू पोरक्या पोरीला उपाशी ठेवते. ते अण्णांच्या कानावर गेलं.

त्यांनी मला एकटीला गाठून विचारलं, "वैनी हिला पोटभर घालतात ना गं?"

मी खाली बघत राहिले.  अण्णांनी त्यातून घ्यायचं ते उत्तर घेतलं. त्याच संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ते म्हणाले, "वैनी, आजपासून शकूला पोळी. तूप लावून. माझ्यासमोर बसून खाईल ती."

"घालते की," काकू म्हणाल्या. "तुमाला बी घालते, तिला बी घालते. माज्या काय हाडाची करायची हाय पोळी?"

महिनाभरात शकूला उठून बसवेना.

हमरस्त्यावर एक म्हातारे डॉक्टर होते, हैदराबादेत शिकलेले. अण्णा, काकू आणि मी शकूला घेऊन गेलो. त्यांनी तिचं पोट दाबलं, पापण्या खाली ओढल्या आणि बराच वेळ प्रश्न विचारले. मग माझ्याकडं वळून इंग्रजीत सांगितलं, वैद्यकीचं त्यांना त्याच भाषेत सांगता यायचं, आणि मी ते एकेक वाक्य मराठीत करून सांगत गेले. हिला गहू सोसत नाही. विलायतेच्या मासिकात अलीकडं त्यांनी असं वाचलं होतं. पोळी, पाव, रवा, मैदा, शेवया, बिस्किटं, सगळं बंद. चिमूटभरसुद्धा नाही. नाही तर पोर हाताला लागायची नाही. ज्वारी, बाजरी, राळे, भगर, तांदूळ, डाळी चालतील, पण तोंड आलंय, मऊ काहीतरी करून घाला.

नंतर त्यांनी काकूंना विचारलं, "गहू केव्हापासून खाते?"

"महिना झाला. ह्येनी सांगितल्यापास्नं."

"पण आजार तर पाच महिन्यांचा आहे. त्याच्या आधी काय खात होती?"

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. जिभेचं टोक फटीत आलं. 

"आधी काय, माज्या हातची भाकर," त्या म्हणाल्या. "लोक म्हंत्यात तसं उपाशी मारली आसंल म्या."

अण्णांनी तोंड फिरवलं. घरी येताना ते शकूला खांद्यावर घेऊन पुढं चालले. काकू माझ्या बरोबरीनं चालत होत्या.

"दोन पोळ्या झाकून ठिवते," त्या सरळ समोर बघत म्हणाल्या. "ताटात एकच दिसती. म्या आंधळी वाटले व्हय गं तुला?"

"काकू, मला माहीत नव्हतं..."

"मला तरी कुटं ठावं हुतं? खातीया तर खाऊ दे म्हनलं. पोळी तुजी कमी हुतीया, माजं काय जातंय." थोडं चालून त्यांनी विचारलं, "सांगू का तुज्या बापाला?"

मी मान हलवली. नको.

"न्हाय सांगत. पर हिचं धिरडं आता तू करायचं. रोज सकाळी. म्या बसून बघनार."

आधी पीठ. आमच्या गल्लीतल्या बायका गिरणीत मुद्दाम गव्हाच्या मागं नंबर लावत. जात्याच्या दगडात अडकलेली कणीक ज्वारीच्या पिठात उतरते, भाकरी मऊ होते. त्या जागेसाठी काकू आयुष्यभर भांडल्या होत्या. आता त्या गिरणीत जाऊन मौलासाबला म्हणाल्या, "गव्हामागं माजं दळायचं न्हाय."

मौलासाब पिठानं पांढरा झालेला, भुवयांसकट. तो हसला. "या अल्ला, काकू! गव्हामागंच नंबर पायजे म्हून परवा तुमी त्या बाईचा डबा भिरकावून दिला की."

"दिला. आज तुजा देईन. दगड धुतोस का?"

"दगड कोन धुतं व्हय?"

त्यांनी धान्य उचललं, घरी आल्या आणि अडगळीतलं जातं मला ओढून काढायला लावलं. खुंटा धरून बसले तेव्हा माझ्या हातांवर पेन धरल्याचा एक घट्टा सोडला तर काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी फोड फुटले. काकूंनी हात उलटून पाहिला. "आता दिसाया लागला बाईचा हात," त्या म्हणाल्या आणि पुढची मूठ जात्यात टाकली.

ज्वारीच्या पिठाचं धिरडं करणं म्हणजे वाळूची चादर उलटवणं. गव्हासारखी विरी नसते, एकाला एक धरून ठेवणारं काही नसतं. काकूंची रीत अशी: मूठभर पीठ उकळत्या पाण्यात ढवळून त्याची लापशी करायची, ती बाकीच्या पिठात कालवायची. रात्री भिजवलेली उडदाची डाळ पाट्यावर गंधासारखी वाटून घालायची. थोडं राळ्याचं पीठ. पळी मागं ओढायची नाही, ओतायचं आणि वाट बघायची. झाकण ठेवायचं. कडा आपणहून सुटली तरच उलथनं घालायचं.

मला वाट बघता येत नसे. धिरडी फुटायची. काकू पाटावर बसून एकेकाला नाव द्यायच्या.

"ह्ये तुजं हैदराबाद. बघ, तीन तुकडं."

"ह्ये कागदाचं डोस्कं. मदी भोक."

"ह्ये मडमचं लगीन."

आणि ते तुकडे एका ताटलीत जमवून शकूला भरवायच्या. शकू रडायची, "मला गोल पायजे. पोळीवानी पायजे." काकू घास तिच्या गालफडात दाबून म्हणायच्या, "गोल खाल्लंस म्हून मराया लागली हुतीस, फुगे. फुटलं म्हंजी खरं. गीळ." तिनं थुंकलं तर तोच घास उचलून परत. पण सहा-सात आठवड्यांत पोरीचं पोट उतरलं. ती अंगणात कोंबड्यांमागं पळायला लागली.  काकूंनी फुगी म्हणायचं मात्र सोडलं नाही.

एका सकाळी काकू ओढ्यावर धुणं घेऊन गेल्या होत्या आणि शेजारच्या गंगाबाई येऊन बसल्या. ओळीनं चार धिरडी माझी त्यांच्यासमोर फुटली. त्यांना माझी कीव आली.

"मूठभर कनीक घाल की गं," त्या हळूच म्हणाल्या. "आमी समद्याच घालतो. गव्हाबिगर धिरडं कुटं हुतं व्हय?"

"डॉक्टरांनी..."

"मूठभरानं काय हुतंय? डाक्तर काय चुलीपशी बसतो?"

मूठभर ही काही पोळी नव्हे, असं मला वाटलं. खरं म्हणजे मला एकदा गोल धिरडं करून दाखवायचं होतं. मी डब्यातली कणीक घातली. धिरडी अशी उतरली की तशी मी आजवर पुन्हा केली नाहीत. जाळीदार, कडेला लालसर, रुमालासारखी मऊ. शकू टाळ्या पिटत म्हणाली, "पोळी! पोळी!" तिनं तीन खाल्ली.

काकू धुण्याची बादली घेऊन आल्या. ताटातलं चौथं धिरडं त्यांनी उचललं, दुमडलं, परत दुमडलं. चार पदरी घडी झाली तरी कुठं चीर गेली नाही. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. जिभेचं टोक आलं नाही.

"किती खाल्ली?"

"तीन."

त्यांनी शकूचं बखोट धरलं, अंगणात नेलं, दोन गुडघ्यांत दाबली आणि दोन बोटं तिच्या घशात घातली. पोर तडफडायला लागली. काकूंनी बोटं आणखी आत घातली. शकूनं त्यांचा हात चावला, रक्त आलं, तरी त्यांनी बोटं काढली नाहीत, सगळं बाहेर पडेपर्यंत. ओरडा ऐकून गल्ली जमली. अण्णा कचेरीला निघाले होते, ते चपला हातात घेऊन दारातच थांबले.

"वैनी! काय चालवलंय?"

"तीन धिरडी खाल्ली म्हून पोरीचा गळा दाबला हो," गंगाबाई बायकांना सांगत होत्या. कणकेचं त्या विसरल्या होत्या, किंवा विसरल्या नव्हत्या.

काकूंनी हाताचं रक्त लुगड्याला पुसलं. अण्णांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी चुलीपाशी उलथनं धरून उभी होते. अख्खी गल्ली वाट बघत होती आणि मला वाटतं काकूसुद्धा.

"जास्त खाल्लं," त्या शेवटी म्हणाल्या. "आमच्या घरात पोरीनं इतकं खायाचं न्हाय."

सगळं बाहेर पडलं नव्हतंच. शकू आठ दिवस अंथरुणाला खिळली. तिची लक्तरं काकूंनी मला धुवायला लावली, एकही स्वतः धुतलं नाही. नवव्या दिवशी, मी ती वाळत घालत असताना, मागं येऊन म्हणाल्या, "म्या सांगनार न्हाय. सांगायचं तर तू सांग."

अण्णा त्यानंतर काकूंशी बोलले नाहीत. त्याच घरात, त्यांच्या हातचं खाऊन, पाच वर्षं. मीठ हवं असलं तर दत्तूला सांगत, दत्तू नसला तर अळणी खात. मी रोज वाढायला मध्ये असायची. सांगायला मला पाच वर्षं होती. मधल्या काळात मी बाहेरून परीक्षा दिल्या, सोलापूरला एका शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली. निघताना काकूंच्या पाया पडले. "जा," त्या म्हणाल्या. "तिकडं मोप धिरडी हायती. समदी गोल."

पुढच्या उन्हाळ्यात दत्तूचं पत्र आलं. काकूंवरून वारं गेलं होतं. डावी बाजू गेली, वाचा गेली.

मी सुटीत गेले तेव्हा शकू अकरा वर्षांची झाली होती. उंच, काटक, दोन लांब वेण्या. गहू तिनं परत कधी खाल्ला नव्हता. धिरडी स्वतःची स्वतः करायची, वांग्याचं देठ, झाकण, सगळं काकूंसारखं. काकूंना चुलीजवळ भिंतीला टेकवून बसवलेलं. डावा गाल ओघळलेला, उजवा डोळा जागा.

शकूनं पहिलं धिरडं खरवडलं, पण ते कोंबड्यांना टाकलं नाही. ताटलीत घेऊन काकूंसमोर बसली.

"तोंड उघड, मामे," ती म्हणाली. लहानपणी ती त्यांना तुम्ही म्हणायची. "गोल माजी, फुटकी तुजी. उघड की."

काकूंचे दात मिटलेले होते. शकूनं घास त्यांच्या ओठांपाशी नेला, मागं घेतला, परत नेला.

"भूक लागती ना? मला बी लागायची."

"शकू, असं करू नये गं," मी म्हटलं.

"तुला काय सांगायचं ताई, तू तर बघितलंयस." तिनं तव्यावर नवं पीठ ओतलं, झाकण ठेवलं. "माज्या घशात बोटं घातली हुती हिनं, तीन धिरडी खाल्ली म्हून. उपाशी ठिवून ठिवून मारायची. तू हुतीस म्हून वाचले मी." ती माझ्याकडं वळली, आणि तिचा चेहरा एकदम पाच वर्षांचा झाला. "तू ताटाखालनं चोरून काय तरी द्यायचीस मला. रोज. मी गोठ्यात जाऊन खायाची. लई ग्वाड लागायचं. काय असायचं गं ते?"

काकूंचा उजवा डोळा माझ्यावर होता. दाताच्या फटीत जिभेचं टोक आलं.

"गूळ," मी म्हणाले.

 मग काकूंच्या घशातून खर्रर असा आवाज आला, खांदा हलला, आणि तोंडाची जिवंत बाजू वर चढली. मिटलेले दात उघडले.

"बघ, हसतीया थेरडी," शकू म्हणाली, आणि फुटक्या धिरड्याचा घास तिनं त्या उघड्या तोंडात कोंबला.